उकिरड्याशेजारची माती

दोन वर्षांपूर्वी मी ठकूअक्कांच्या नावाने एक खोटा ई-मेल पत्ता उघडला आणि त्यावरून स्वतःच स्वतःचे भरभरून कौतुक केले. ही गोष्ट मी घरात कोणाला सांगितली नव्हती. अक्कांना सांगण्याचा तर प्रश्नच नव्हता. इतरांची लबाडी नुसत्या चिमटीत धरून ओळखणाऱ्या बाईच्याच नावाआड मी लपलो होतो. अक्का कोण, हे कळल्याशिवाय माझ्या अपराधाचे वजन कळणार नाही, म्हणून आधी त्यांच्याविषयी सांगतो.

राहुरीतील एका खासगी माती परीक्षण प्रयोगशाळेत तपासणीचे काम माझ्याकडे आणि मदतनीस म्हणून ठकूअक्का. शिक्षण चौथी, नोकरी तेहतीस वर्षांची. शेतकऱ्याने पिशवी टेबलावर ठेवली की अक्का तिच्यातली चिमूटभर माती तळहातावर घेत, पाण्याचा थेंब टाकून बोटाने चोळत, वास घेत आणि मगच पिशवीला चिठ्ठी लावत. नमुना घेण्याचा नियम सोपा आहे. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती घ्यावी आणि एकत्र करावी. बांधाची, झाडाखालची, उकिरड्याजवळची घेऊ नये. परंतु स्वतःचे शेत तपासायला देतानाही माणूस चांगली माती निवडून आणतो.

एकदा जामखेडकडचे एक गृहस्थ एसटीने पिशवी घेऊन आले. अक्कांनी माती चोळली आणि त्यांच्याकडे वर पाहिले.

"पाव्हनं, माती तपासायला आलाय का पोरगी दाखवायला?"

"का वो आक्का?"

"ही उकिरड्याशेजारची हाय. काळीभोर, भुसभुशीत. वावरातली कुठं हाय?"

गृहस्थ ओशाळले. "वावरातली लई हलकी हाय, आक्का. लाज वाटली."

"आवो, जिची लाज वाटंल तीच आना! पोट दुखतंय आन डाक्टरला दात दाखवलं, तर त्यानं काय करावं?"

चार दिवसांनी ते खरी माती घेऊन आले, सोबत अक्कांसाठी हुलग्यांची पुरचुंडीही होती. 

माझ्यावर अक्कांचा विशेष लोभ होता आणि तो त्या थट्टेतूनच व्यक्त करीत. मी हळू बोलतो, वाक्य अर्धे गिळतो. "सायेब, तुमी बोलता का सलाईन लावता?" त्या म्हणत. "थेंब थेंब पडंस्तवर पेशंट झोपून जातोय."

माणसांपेक्षा मातीतल्या आम्ल-विम्लाची मोजणी मला नेहमीच सोपी वाटत आली. हे उणे भरून काढावे म्हणून पन्नाशी ओलांडल्यावर मी एका महाविद्यालयाच्या ऑनलाइन अभ्यासक्रमात नाव घातले. विषय होता व्यक्तिमत्त्वाचे मानसशास्त्र. जेवणाच्या सुट्टीत मी लॅपटॉपवर व्याख्यान लावी. अक्का शेजारी डबा उघडून बसत. माणसाचा स्वभाव पाच मुख्य गुणांवर मोजतात, हे मी एकदा त्यांना मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले.

"पाचच?" अक्कांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. "आमच्या मसाल्याच्या डब्याला बी सात वाट्या हायेत. आन तरीबी कांदा-लसनाची चटनी बाहीरच ऱ्हाती."

पुढे एक स्वाध्याय आला. पन्नास विधानांवर स्वतःला एक ते पाच गुण द्यायचे आणि तोच फॉर्म आपल्याला रोज पाहणाऱ्या एका व्यक्तीकडून भरून घ्यायचा. माझ्या मनात पहिले नाव अक्कांचेच आले. तरी मी त्यांना विचारले नाही, आणि याची दोन कारणे आज लिहितानाही मान खाली जाते. फॉर्मवर त्या व्यक्तीचे शिक्षण विचारले होते. मला ओळखणारी व्यक्ती चौथी शिकलेली आहे, असे लिहिणे मला कमीपणाचे वाटले. दुसरे कारण अधिक वाईट होते. आदल्या वर्षी मातीच्या नमुन्यांच्या दोन पाकिटांचे क्रमांक माझ्या हातून अदलाबदल झाले होते. चिठ्ठी अक्कांनी चुकीची लावली असे समजून आमच्या प्रमुखांनी त्यांना सर्वांदेखत बोल लावले. मी तेथेच उभा राहून एक काचेची नळी धूत होतो. ती आधीच स्वच्छ होती. संध्याकाळी जाताना अक्का एवढेच म्हणाल्या, "सायेब, ती नळी लई घासली तुमी."

म्हणून त्यांच्या नावाने ई-मेल पत्ता उघडून त्यांचा फॉर्म मीच भरून पाठवला. शिक्षण: पदवीधर. 'स्वतःची चूक तत्काळ मान्य करतात' या विधानापुढे मी मला पाचपैकी पाच दिले.

पंधरा दिवसांनी पुण्याहून शिकवणाऱ्या आमच्या तरुण मॅडमनी कळवले की माझा स्वतःविषयीचा अंदाज आणि निरीक्षकाचा अंदाज विलक्षण जुळला आहे, इतके एकमत त्यांनी क्वचितच पाहिले आहे, तेव्हा त्या ताईंशी वर्गासमोर बोलायला आवडेल. मी अक्कांना एवढेच सांगितले, "मॅडम माझ्याविषयी काही विचारतील. चांगलेच सांगा." केसांना तेल लावून, इस्त्रीचे लुगडे नेसून अक्का लॅपटॉपसमोर बसल्या.

"नमस्कार ताई. आपण पदवीधर आहात ना? विषय कोणता होता?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिले. मी कीबोर्डकडे पाहिले.

"माती," अक्का म्हणाल्या. "एकतीस वर्सं चाल्लाय कोर्स. आजून पास न्हाई."

सगळा वर्ग आपापल्या चौकोनात हसला.

"आणि सरांना तुम्ही सगळीकडे पाचपैकी पाच दिलेत!"

"मी दिलं व्हय? मंग दिलं आसतील. हात सढळ हाय माजा."

"ते आपली चूक लगेच मान्य करतात, असं तुम्ही लिहिलंय. एखादं उदाहरण सांगाल?"

अक्कांनी पदर सारखा केला आणि पडद्याजवळ तोंड नेले.

"म्याडम, उदाहरन आजून घडायचंय. पन घडंल. मानूस वाईट न्हाई. सलाईन हाय, येळ लागतो."

मॅडमना तो विनोद वाटला. मला उत्तम श्रेणी मिळाली. लॅपटॉप मिटल्यावर अक्का पदराने तोंड दाबून हसल्या. "उकिरड्याशेजारची धाडली व्हय, सायेब?" एवढे विचारून त्या बाटल्या धुवायला निघून गेल्या.

त्यांनी कोणाजवळ तक्रार केली नाही. मात्र पुढची दोन वर्षे प्रयोगशाळेत कोणाच्या हातून काही फुटले, सांडले, की त्या माझ्या टेबलाजवळून जाताना निरागस चेहऱ्याने विचारत, "घडलं का वो उदाहरन?" इतरांना काही कळत नसे. मी मान खाली घालून तराजू पुसत असे. घरी पत्नीने माझे प्रमाणपत्र चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावले होते. त्याच्यासमोर बसून चहा पिणे मी सोडून दिले.

गेल्या महिन्यात अक्का निवृत्त झाल्या. शाल, नारळ, हार. शेजारच्या खुर्चीवर प्रमुख. मला चार शब्द बोलायला सांगितले. मी कौतुकाचा कागद लिहून नेला होता. कागद उघडतो तोच हारातून अक्कांचा आवाज आला, "सायेब, चांगलं चांगलं येचून आनू नका बरं."

लोक हसले. मी कागद घडी करून खिशात ठेवला आणि माझ्या नेहमीच्या आवाजात बोलू लागलो.

"मोठ्यानं, सायेब," अक्का म्हणाल्या. त्या आता हसत नव्हत्या. "मागं ऐकू येत न्हाई."

मी घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने सांगितले, "पाकिटांचे क्रमांक मी चुकवले होते. बोलणी अक्कांनी खाल्ली आणि मी गप्प राहिलो. नंतर त्यांच्या नावाने खोटा फॉर्मही मीच भरला; त्यांचे शिक्षण लपवले, कारण मला लाज वाटली. अक्का, माझे चुकले. मला माफ करा."