शेवंतानं ओटीत घातलेली पोर

"आईची संमती आहे," म्हणत वकिलानं कागद वाचला. "मी माझी मुलगी संस्थेच्या ओटीत घातली आहे." न्यायाधीशांनी पेन उघडलं. सही झाली असती तर माझ्या मांडीवरची दीड वर्षाची चंदा परदेशी गेली असती, कायमची.

मी उभी राहिले. "साहेब, थांबा. हे दत्तक नाही."

मी नांदेडच्या शिशुगृहात आया, चौथी शिकलेली. तो कागद लातूरच्या कोर्टात पहिल्यांदाच ऐकत होते. पण तिच्या आईनं, शेवंतानं, लेकरू माझ्याच हातात दिलं होतं. आमच्याकडे ओटीत घालणं म्हणजे दत्तक देणं आणि सांभाळायला सोपवणंही. ती कोणत्या अर्थानं बोलली ते मी ऐकलं होतं. लिहिणाऱ्यानं दुसरा अर्थ धरला.

वकील चिडला. "साहेब, ते परदेशातलं जोडपं मूल मिळावं म्हणून दोन वर्षं थांबलंय. आईला धाडलेली नोटीस परत आली."

"पत्ता काय घातला?" न्यायाधीशांनी विचारलं.

"जिल्हा उस्मानाबाद."

"लातूर वेगळा जिल्हा झाला, वकीलसाहेब. परदेशी गेलेलं मूल मला परत बोलावता येत नाही. आधी आई येऊन बोलेल, मग सही."

चार दिवसांची मुदत मिळाली. चंदाला काखोटीला मारून मी उदगीरची एसटी धरली. दोन्हीकडे करपलेली रानं, कोरड्या विहिरी. शेजारी बसलेल्या अर्धापूरच्या म्हाताऱ्यानं तिला केळं दिलं.

"नात हाय का?"

"न्हाई. कोर्टाचं काम हाय."

"कोर्ट लई मुतरं दिसतंय," तो म्हणाला. चंदानं माझं लुगडं भिजवलं होतं.

उदगीरला भाकरी-ठेचा खाल्ला. हॉटेलवाला म्हणाला, "पानी लेकरालाच. तुमी चहा प्या."

पुढं शेवंताचं गाव, गावापासून दुष्काळी कामाचा रस्ता, सगळं पायी. शेवंता खडी फोडत होती. आम्हाला बघून तिच्या हातातला हातोडा पडला.

"मावशे, आजारी हाय का ती?"

"न्हाई. दिली का ठेवली, तेवढं सांग."

"पाऊस पडूस्तोवर ठेवा म्हन्ले नव्हते का? वटीत घातली म्हंजी दिली व्हय?"

"हेच कोर्टात बोल."

"साहेबाम्होरं? न्हाई जमायचं मला."

"मग बसू दे तिला विमानात."

ती उठली. मुकादमाला म्हणाली, "हजेरी कापा माझी."

कोर्टात ती तेच बोलली, वटीत घातली म्हंजी दिली न्हाई. पाऊस पडेपर्यंत पोर शिशुगृहातच राहावी, असं ठरलं. या वेळी कागद मी स्वतः वाचला, मगच तिला अंगठा उठवू दिला.

त्या जोडप्यातल्या बाईचं पत्र आलं. आई असताना आम्हाला तिची लेक नको, तिच्यासाठी विणलेला स्वेटर तेवढा द्या. आमच्या उन्हात स्वेटर कशाला, पण शेवंतानं तो जपून ठेवला.

आई स्वतः येऊन बोलेपर्यंत थांबावं लागतं, त्याला शिशुगृहात सगळे वैतागतात. मीही वैतागायचे. आता कुणी कुरकुरलं की मी ही लातूरची फेरी सांगते, ताठ मानेनं सांगते.

पाऊस उशिरा आला. शेवंता आली आणि चंदाला घेऊन गेली. त्या दुष्काळातून मायलेकी दोघी जगल्या.