हाफटाइमला काढलेला मॅनेजर

आपल्याला काढून टाकलं याचा इतका अभिमान बाळगणारा माणूस उभ्या मुंबईत दुसरा झाला नसेल. बाकीचे लोक अशी गोष्ट लपवतात. तब्येतीमुळे नोकरी सोडली म्हणतात, साहेबाशी पटेना म्हणतात, घरच्यांच्या आग्रहाखातर म्हणतात. आमच्या वसाहतीच्या फुटबॉल टीमचे मॅनेजर मात्र नवा माणूस भेटला की नाव सांगायच्या आधी सांगायचे, "मला हाफटाइमला काढला. मॅच चालू असताना. असा माणूस बघितलायस कधी?" समोरच्याने बघितलेला नसायचाच. मग तो बिचारा मैदानाच्या पायरीवर बसायचा आणि अख्खी हकीकत ऐकून उठायचा. उठताना त्याच्या चेहऱ्यावर सहानुभूतीपेक्षा शंकाच जास्त असायची.

त्यांना कोच म्हटलेलं चालत नसे. "कोच शाळेत असतो. तिथली पोरं ऐकतात. ही ऐकत नाहीत, ह्यांना मॅनेज करावं लागतं," असं त्यांचं म्हणणं. वसाहतीत नव्याने आलेला वॉचमन त्यांना बरेच दिवस बँकेचा मॅनेजर समजून सलाम ठोकत होता आणि तेही तो बिनदिक्कत घेत होते. अंगात भर मे महिन्यातही गडद निळा कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. छातीच्या खिशावर कधीकाळी कुठलासा बिल्ला शिवलेला असावा, त्याचे उसवलेले दोरे तेवढे उरले होते. एका खिशात शिट्टी, दुसऱ्यात लिंबं. मैदानातून बाहेर आलेल्या खेळाडूला चांगला खेळला तर कापलेलं अर्धं लिंबू मिळे. वाईट खेळला तर अख्खं लिंबू मिळे आणि सुरी मिळत नसे. आमची बहुतेक पोरं अख्खी लिंबं घेऊन घरी जायची, त्यामुळे वसाहतीत लोणच्याला कधी तोटा पडला नाही.

स्वभाव म्हणाल तर निराशेचा. उपनगरातल्या लीगच्या अगदी तळाच्या गटात आमची टीम, आणि तिथेही तळाला. मॅचच्या आधी सगळ्यांना गोल उभं करून ते गंभीर आवाजात सांगायचे, "आज हरायचंच आहे. पण नीट हरा. वाट लागली तरी शिस्तीत लागली पाहिजे." टीम हरली की त्यांना आपलं म्हणणं खरं झाल्याचं समाधान मिळे. चुकून जिंकली तर त्यांना रात्रभर झोप लागत नसे, असं त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, सांगायच्या. आमच्या पेनल्टीला तर ते मैदानाकडे पाठच करून उभे राहत. तोंड आमच्याकडे, म्हणजे पायऱ्यांवर बसलेल्या प्रेक्षकांकडे. गोल झाला की नाही हे ते आमच्या चेहऱ्यांवरून वाचत. एकदा सावंताने, म्हणजे मिक्सर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या माझ्या शेजारमित्राने, पेनल्टी हुकलेली असताना उड्या मारल्या. मॅनेजर कोटासकट नाचले. मग वळून बघितलं, आणि त्यानंतर सावंताशी कितीतरी दिवस एक शब्द बोलले नाहीत. "चेहऱ्याने खोटं बोलू नये रे," एवढंच म्हणाले होते. "तोंडाने बोल हवं तर."

आता ती हकीकत. मुलुंडला पूर्वी पाण्याचे पंप बनवणारा एक कारखाना होता. मॅनेजर तिथे स्टोअरमध्ये कामाला आणि कारखान्याच्या फुटबॉल टीमचे मॅनेजर. मोठ्या साहेबाला आपला मेव्हणा सेंटर फॉरवर्ड खेळवायचा होता. मॅनेजरांनी त्याला बसवून ठेवला. हाफटाइमला साहेब तंबूत आला, हातात चहाचा कप, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "यू आर आउट." मॅनेजरांनी गळ्यातली शिट्टी काढली, शांतपणे साहेबाच्या चहात सोडली, आणि तंबूबाहेर पडले. मागे वळून बघितलं नाही.

झकास गोष्ट आहे, नाही म्हणत नाही. पण मी दिंडोशीच्या कोर्टात वकिली करतो. माझ्यासमोर कोणी सरळ गोष्ट सांगितली की मला आतून खाज सुटते. एका रविवारी पाऊस पडत असायचा, दुसऱ्या रविवारी त्याच मॅचमध्ये धुरळा उडत असायचा. स्कोअर कधी एक-शून्य, कधी दोन-शून्य. मेव्हणा कधी साहेबाचा, कधी साहेबाच्या बायकोचा मावसभाऊ. मी पायरीवर बसून उलटतपासणी घ्यायचो आणि सावंत माझा ज्युनिअर असल्यासारखा मुद्दे पुरवायचा. त्याचा अडकलेला काटा एकच. "तंबूत कप खंयसून इलो रे?" तो मला कोपराने ढोसायचा. "मैदानार चाय गिलासात देतत. कप-बशी कोण देता? माका काय पटणा नाय." मी तो प्रश्न शुद्ध भाषेत पुढे सरकवायचो. मॅनेजर चिडायचे, कोटाची बटणं चाचपायचे आणि म्हणायचे, "अरे, साहेब होता तो! साहेब कप घेऊनच फिरतो!" टीम हरायला लागली की पोरंसुद्धा पायऱ्यांवरून ओरडायची, "मॅनेजर, हाफटाइम झाला, साहेब आला नाही अजून!" ते आमच्याकडे बघायचे, एकेक चेहरा, पेनल्टीला बघायचे तसे. एकही चेहरा त्यांना विश्वास ठेवणारा सापडायचा नाही. मग लिंबं कापायला लागायचे.

मागच्या हिवाळ्यात मुलुंडला एका लग्नात माझ्या पंगतीला एक उंच म्हातारे गृहस्थ बसले होते. बोलता बोलता निघालं की ते त्याच पंपाच्या कारखान्याच्या टीमचे गोलकीपर. मला जिलबी गोड लागेना, इतका आनंद झाला. इतक्या वर्षांनी साक्षीदार हाती लागला होता. मी विचारलं, "साहेबांनी त्यांना हाफटाइमला काढलं, ती मॅच आठवते?"

त्यांनी घास हातातच ठेवला. "काढलं? कोणी काढलं त्यांना?"

"मेव्हण्यावरून."

"साहेबाला मेव्हणा नव्हता हो. असं काही झालं नाही. कारखान्याने टीमच बंद केली. आम्हाला आपापल्या खात्यात साहेबांनी बोलावून सांगितलं. ह्यांना सांगायचं राहून गेलं. हे आपले रविवारी मैदानावर हजर, कोट घालून, लिंबं घेऊन. पुढच्या रविवारीही. मी तिथून जाताना बघितलं एकदा."

"मग तुम्ही सांगितलंत?"

"मला वाटलं, कोणीतरी सांगेल," ते म्हणाले आणि भाताकडे वळले.

खरं सांगतो, त्या क्षणी मला वाईट वाटलं नाही. केस जिंकल्यासारखं वाटलं. आता रविवारी सकाळी सरावाच्या वेळी, सगळ्या टीमसमोर, सावंताच्या कपापासून सुरुवात करायची आणि साहेबाच्या मेव्हण्यापर्यंत एकेक गोष्ट उभी आडवी फाडायची, असं ठरवून मी घरी आलो. सावंताला सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. त्याने हातातला मिक्सर खाली ठेवला आणि म्हणाला, "म्हणजे कोणी काढल्यानच नाय?" आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. मला त्याच्या न हसण्याचा राग आला.

रविवारी आम्ही दोघे मैदानावर गेलो. मैदान रिकामं होतं. गोलपोस्टजवळ दोन कुत्री झोपली होती. मधोमध मॅनेजर उभे होते, कोट घालून, हातात लिंबाची पिशवी. आम्हाला बघून म्हणाले, "पोरं हल्ली उशिरा येतात रे. थंडी आहे ना."

सावंताने माझ्याकडे बघितलं. मी मुद्द्यांचा कागद खिशातच ठेवला. आम्ही पायरीवर बसलो. ते मैदानात सरावाचे प्लास्टिकचे कोन मांडत राहिले, मांडलेले उचलून परत दुसरीकडे मांडत राहिले. ऊन चढलं. समोरच्या इमारतीतल्या बायकांनी कपडे वाळत घातले. कोणी आलं नाही. शेवटी ते आमच्याजवळ येऊन बसले, एक लिंबू कापलं आणि अर्धं अर्धं आम्हा दोघांना दिलं. आम्ही चोखलं. इतकं आंबट लिंबू मी आयुष्यात खाल्लं नाही.

दुपारी सेक्रेटरीला गाठलं. वसाहतीच्या क्लबचा सेक्रेटरी, चांगला माणूस, इस्त्रीचा शर्ट. तो म्हणाला, "अहो, सराव आता मालाडच्या टर्फवर, त्या नकली गवतावर. नवा कोच घेतलाय, लायसन्सवाला. ग्रुपवर टाकला होता मेसेज." मॅनेजरांचा फोन बटणांचा. ग्रुप म्हणजे त्यांच्या लेखी रक्ताचा. मी म्हटलं, "त्यांना कोण सांगणार होतं?" सेक्रेटरीने कपाळाला हात लावला. "सांगायचं राहूनच गेलं हो. वाईट दिसलं असतं ना, एवढी वर्षं... म्हटलं, आपोआप समजेल."

आपोआप समजलं त्यांना. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. सावंत एकटा जाऊन बघून यायचा. तिसऱ्या रविवारी आम्ही दोघे दिंडोशीला त्यांच्या घरी गेलो. एका खोलीचं घर, भिंतीला कोट टांगलेला, मॅनेजर कॉटवर. छातीत कफ झालेला, डोळे खोल गेलेले. वहिनींनी दार उघडताना दबक्या आवाजात सांगितलं, "जेवत नाहीत. मैदानावर काय झालं, सांगतही नाहीत."

आम्ही बसलो. मी कोर्टात एवढं बोलतो, पण तिथे पंख्याकडे बघत बसलो. मॅनेजर उशीला टेकून बसले आणि खोकून झाल्यावर म्हणाले, "कळलं असेल तुम्हाला. मला काढला. सेक्रेटरीने."

वहिनी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी थांबल्या.

"हाफटाइमला," मॅनेजर म्हणाले. "आपण पुढे होतो. त्याला त्याचा भाचा खेळवायचा होता. मी म्हटलं, माझ्या टीममध्ये नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, तुम्ही निघा. मी शिट्टी काढली..." इथे ते थांबले. वळून आमच्याकडे बघायला लागले, एकदा माझ्याकडे, एकदा सावंताकडे. पेनल्टीला बघायचे तसेच. सेक्रेटरीला भाचा नाही हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी मॅच नव्हती हे ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं की आम्हाला ठाऊक आहे. मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझा चेहरा सांभाळला, आणि तो सांभाळताना घाम फुटला.

"आणि चहात टाकलीत," सावंत म्हणाला.

मॅनेजर उशीवरून थोडे पुढे सरकले.

"मी होतंय ना थंय," सावंत पुढे म्हणाला. त्याचा आवाज दुकानातल्यासारखा मोठा झाला होता. "चाय कपात होती. चांगलो चिनीमातीचो कप. सगळी चाय सेक्रेटरीच्या इस्त्रीच्या शर्टार उडाली. वकील, तू सांग, उडाली की नाय?"

"कॉलरपर्यंत," मी म्हटलं. ती माझी आयुष्यातली पहिली खोटी साक्ष, आणि ती देताना मला अजिबात लाज वाटली नाही.

मॅनेजर हसले. उशीवर मान टाकून बराच वेळ हसले, खोकला येईपर्यंत. मग वहिनींना म्हणाले, "ऐकलंस? कप होता. हे लोक बघत होते." वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि चहा टाकला. त्या दिवशी ते दोन घास जेवले, असं नंतर कळलं. पण कफ काही सुटला नाही. होळीच्या आधी गेले.

शोकसभा क्लबच्या हॉलमध्ये झाली. फोटोला हार, फोटोतही कोट. सेक्रेटरी चांगलं बोलला. म्हणाला, दिवंगत मॅनेजरांनी वयोमानानुसार, स्वेच्छेने, तरुणांना संधी मिळावी म्हणून जबाबदारी सोडली. नवी पोरं माना डोलावत होती. आणि मागच्या रांगेतून सावंत उभा राहिला. "खोटा बोलतंस!" तो ओरडला. "सोडल्यानी नाय. तू तेंका काढलंस. हाफटाइमाक, सगळ्यांसमोर! ह्या डोळ्यांनी बघितलंय मी!" हॉलमध्ये कुजबूज झाली. सेक्रेटरीने माझ्याकडे मदतीसाठी बघितलं, वकील म्हणून. मी उठलो आणि म्हणालो की सावंत म्हणतात ते खरं आहे, मी हजर होतो, स्कोअर एक-शून्य होता आणि आपण पुढे होतो. पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनींनी मागे वळून बघितलं नाही, पण त्यांची मान ताठ झाली. सेक्रेटरी फोटोचा हार नीट करायला लागला. काढलं नव्हतं म्हणावं, तर मग काय केलं होतं ते सांगावं लागलं असतं.

आता पायऱ्यांवर नवे प्रेक्षक येतात. त्यांना आम्ही ही हकीकत सांगतो. ते हुशार आहेत, आम्हालाच अडवतात. "काका, त्या दिवशी पाऊस होता म्हणालात, मग धुरळा कसा उडाला?" "यार, मैदानावर कप कुठून आला?" सावंत चिडतो. "सेक्रेटरी होतो तो," म्हणतो, "सेक्रेटरी कप घेवनच फिरता!" मी मान डोलावतो. टीम अजून तळालाच आहे. लायसन्सवाला कोच भला आहे, पेनल्टीला मैदानाकडे तोंड करून उभा राहतो. पण पेनल्टी मिळाली की सावंत आणि मी अजूनही आधी रेषेजवळ मॅनेजर पाठ करून उभे राहत त्या जागेकडे बघतो, चेहरे सरळ करून. बॉल मारून होईपर्यंत आमची नजर तिथेच असते, आणि गोल झाला की नाही ते आम्हाला दुसऱ्या कोणाला तरी विचारावं लागतं.