वेल्डरचा डबा

आमच्या कारखान्यात वर चढून काम करायचं तर हाइट पास लागतो. खिशात ठेवायचं एवढंसं कार्ड. वर्षातून एकदा कारखान्याचे डॉक्टर तपासतात आणि नवं देतात. मला ते इतकी वर्षं विनासायास मिळत आलं होतं. त्या वर्षी मिळालं नाही. डॉक्टर वयानं पोरसवदा, पण बोलायला सरळ. म्हणाले, "तुमच्या हार्नेसवर शंभर किलोची मर्यादा छापलेली आहे. माणूस, बूट, हेल्मेट, हत्यारं, सगळं धरून. तुम्ही नुसत्या बनियनवर तिथं पोचलात. त्यात प्रेशर वाढलेलं. मी सही करणार नाही."

मी फिटर आहे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या कारखान्यात, मनोऱ्यासारख्या उंच कॉलमवरच्या पाइपांचे जोड खोलायचे आणि परत बसवायचे, हे माझं काम. डॉक्टरचं ऐकून मला राग आला. आधी त्यांचा, मग हार्नेस, म्हणजे वर चढताना अंगाला बांधायचे पट्टे, बनवणाऱ्याचा, आणि घरी पोचेपर्यंत बायकोचा, कारण भात तीच वाढते. वड्याचं तेल वांग्यावर काढायची माझी जुनी सवय आहे, आणि बायकोला ती पाठ आहे. तिनं ताट पुढं सरकवलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

खरं दुखत होतं ते वेगळंच. माझे वडील आमच्या गावी, इकडच्या माहीमकडे, ताड चढायचे, ताडी उतरवायला. पायात दोरीचा फास, कमरेला कोयता, आणि सरळ वर. म्हातारे झाले तरी चढत होते. सकाळी वाडगाभर पेज पिऊन निघायचे. आईनं भाकरी पुढं केली तर म्हणायचे, "पोटभर जेवन उतरल्यावर." अशा माणसाचा मी मुलगा, आणि मला वजनापायी जमिनीवर बसवलं होतं. गावी भावाला मी हे सांगितलंच नाही.

तरी माझी नोकरी पक्की होती. वर्कशॉपमध्ये टेबलाशी बसून व्हॉल्व्ह साफ करायला दिले, पगार तोच. पण त्याच दिवशी रांगेत माझ्या मागं असलेल्या वेल्डरलाही पास नाकारला गेला, आणि तो कंत्राटावर होता. उत्तर प्रदेशातून आलेला, हाताचा पक्का, पोटानं सुटलेला आणि माझ्यासारखाच प्रेशरवाला. बोईसरला चाळीत एक खोली घेऊन बायको-मुलीसह राहायचा. मुलगी इथल्या मराठी शाळेत जायची आणि मला काका म्हणायची. कंत्राटदार त्याला म्हणाला, "शटडाउन तक रुकता हूँ. तब भी पास नहीं मिला, तो दूसरा आदमी लाऊँगा." शटडाउन म्हणजे कारखाना काही दिवस पूर्ण थंड करून केलेली मोठी दुरुस्ती. सगळी उंचावरची कामं तेव्हाच निघतात. जमिनीवरच्या वेल्डरचा तेव्हा काही उपयोग नसतो. पास नाही तर काम नाही, काम नाही तर खोली नाही, आणि तिघांनी बिऱ्हाड उचलून गावी परतायचं. पावसाळा सरता सरता हे झालं आणि शटडाउन थंडीत होतं.

आम्हाला एकत्र आणलं स्टोअरमधल्या ताईंनी. त्या तारापूरजवळच्या मच्छीमार घरातल्या, कारखान्यात नटबोल्टपासून ड्रमपर्यंत सगळं त्यांच्या ताब्यात. त्यांना साखरेचा त्रास सुरू झाला होता. एके दिवशी कॅन्टीनमध्ये आम्ही दोघं तोंडं पाडून बसलो होतो, पण भात मात्र दुसऱ्यांदा घेतला होता. ताई समोर येऊन बसल्या. "रडताव काय, आणि वर भात घेताव," म्हणाल्या. "आपन तिघं मिळून वजन उतरवू. परत्येकानं दोन गोष्टी ठरवायच्या. एक चुलीची, एक सोताची."

त्यांची चुलीची गोष्ट म्हणजे मासे तळायचे नाहीत, कालवण करायचं किंवा तव्यावर भाजायचे. स्वतःची गोष्ट म्हणजे डहाणूजवळचा महालक्ष्मीचा गड मधे कुठं न बसता चढायचा. वेल्डर म्हणाला, "मेरा तो एक ही है भैया, ऊपर जाना है." ताईंनी सोडलं नाही, तेव्हा त्यानं बटाटा कमी करायचं कबूल केलं. जीव देतोय असा चेहरा करून केलं. मी म्हणालो, मी माझा डबा माझ्या हातानं करीन. चहासुद्धा कधी न केलेल्या माणसाच्या तोंडून हे कसं निघालं कोण जाणे. ताई हसल्या आणि म्हणाल्या, "बघू."

घरी सांगितलं तर बायको आधी रुसली. इतकी वर्षं तिच्या हातचं खाऊन आता त्यात खोट निघाली, असं तिला वाटलं. मग दुसऱ्या दिवशी मला दुधी चिरताना बघायला ती स्टूल घेऊन ओट्याजवळ बसली, आणि तिचा रुसवा कुठल्या कुठं गेला. "कापताय की सोलताय ते आधी ठरवा," म्हणाली. "आणि केलंत ते केलंत, आता कढईपण घासा." मी कढई घासली.

पण उतरेना. वजन आम्ही स्टोअरमधल्या ड्रम मोजायच्या काट्यावर करायचो. तिथं बूट-हेल्मेटशिवाय पाय ठेवायची बंदी, म्हणून सगळा सरंजाम अंगावर घेऊनच उभं राहायचं. आम्हा दोघांना हत्यारांचा पट्टासुद्धा बांधायला ताईंनी लावलं होतं, हार्नेस काय तो सोडून मोजणार आहे का, म्हणून. काटा जागचा हलत नव्हता. कारण मी करायचो तो डबा माझाच, आणि जीभही माझीच. फोडणी घातल्यावर वाटायचं, आणखी एक पळी, तेवढ्यानं काय होतंय. रोज तेवढ्यानं काही होत नव्हतं आणि वजनाचंही काही होत नव्हतं. वेल्डरचं तेच. एकदा त्याचं वजन अचानक कमी भरलं, तेव्हा तो खूश झाला. ताईंनी त्याच्या पट्ट्याकडे नुसतं बघितलं आणि विचारलं, "हातोडी खय हाय?" हातोडी त्यानं दाराआड ठेवली होती. ती आणून त्याला परत उभं केलं.

तेव्हा ताईंनी त्यांच्या वडिलांच्या होडीवरची रीत सांगितली. समुद्रावर असताना कोणी आपल्या ताटात आपण वाढून घ्यायचं नाही. दुसऱ्यानं वाढायचं. "आपल्या हातानं वाढलं तर कोण जास्ती घेतं, कोण रुसून कमी घेतं. दुसरा वाढतो तवा बरोबर वाढतो," त्या म्हणाल्या. मग ठरलं: मी वेल्डरचा डबा करायचा, वेल्डरनं ताईंचा आणि ताईंनी माझा. स्वतःच्याच हातानं, घरच्यांची मदत न घेता.

आणि इथं आम्ही तिघांनी मिळून एक घोळ घातला, तो आठवला की अजून हसू येतं. दुसऱ्याच्या घरी डबा द्यायचा, तो कोरडाठाक कसा द्यायचा? पाहुण्याला काय म्हणून बिनतेलाचा दुधी वाढायचा? मी बायकोला विचारून विचारून खोबरं भाजून वाटलं आणि कोंबडी केली, वर तवंग येईल अशी. वेल्डरनं ताईंना पुऱ्या आणि बटाट्याची भाजी आणली. ताईंनी मला बोंबील तळून दिले, चुलीची गोष्ट खुंटीला टांगून. आठवडाभर आम्ही एकमेकांची तोंड भरून स्तुती करत जेवलो. इतकं चांगलं कारखान्यात कोणीच जेवलं नसेल. शनिवारी काट्यावर उभे राहिलो तर तिघांचीही वजनं वाढलेली.

ताईंनी आकडे लिहून घेतले. मग माझ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण थट्टाही नव्हती त्यात. "तुमी याला पाहुणा समजून जेवन देताव. हा पाहुणा नाय. दोरीवर लटकनारा मानूस हाय. तसा डबा करा."

ते मला लागलं. घरी आलो आणि कढई ठेवली. तेलाची पळी उचलली आणि मला वेल्डरच्या चाळीतल्या खोलीबाहेर उभी असायची ती त्याच्या मुलीची सायकल आठवली. पळी अर्धी ओतली. खरं सांगतो, स्वतःसाठी हे मला कधीच जमलं नसतं. माझं पोट, माझं प्रेशर, माझा पास, यातल्या कशानंही तो हात थांबला नव्हता. मग रोज थांबायला लागला. नाचणीची भाकरी थापायला शिकलो. सुरुवातीला तिचे नकाशे व्हायचे. वाल, पडवळ, मेथी, लसणाची फोडणी पण नावापुरती. मी भाजी उतरवली की बायको चव बघून म्हणायची, "मीठ बरोबर आहे, त्याचं प्रेशर लक्षात ठेवलंत वाटतं." तिलाही त्यात गंमत वाटायला लागली होती. माझ्यासाठी वेगळी भाजी करायचं तिनं सोडलं, कढईत उरलेली वेल्डरची भाजी आम्हीच रात्री खायचो.

ताईंचा जेवणाच्या वेळचा एकच नियम. डबा उघडला की आधी झाकण उलटं करून दाखवायचं. झाकणाला आतून तेल लागलेलं असेल तर करणाऱ्यानं सगळ्यांसमोर ऐकून घ्यायचं. माझ्या झाकणावरून मी पुष्कळ ऐकलं. वेल्डरनं ताईंसाठी वांगं निखाऱ्यावर भाजून चोखा करायला घेतला, त्यात मोहरीचं तेल थेंबभर, आणि ताईंना तो इतका आवडला की त्यांनी कृती मागून घेतली. त्यांचं बिनतेलाचं, नुसतं चिंच-मिरचीतलं बोंबलाचं कालवण खाताना मला वडिलांच्या घरातली चूल आठवायची. काटा हळूहळू उतरायला लागला. एखाद्या शनिवारी रुसून बसायचा, पुढच्या शनिवारी परत उतरायचा.

शटडाउनच्या आधी पुन्हा तपासणी लागली. मी आधी आत गेलो. डॉक्टरांनी वजन बघितलं, दंडाला पट्टा गुंडाळून प्रेशर बघितलं, एका रेषेवरून चालायला लावलं आणि सही केली. मी ज्याच्यासाठी इतकं केलं तो पास हातात आला, आणि मला आनंद झाला नाही. बाहेर बाकावर वेल्डर बसला होता, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून मी म्हणालो, "हो जायेगा." तो आत गेला आणि लगेच बाहेर आला. वजन बसलं होतं, पण प्रेशर वर गेलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, घाबरलात, थोडा वेळ शांत बसा, परत बघतो.

शांत कसला बसतोय. त्याचा पाय हलत होता आणि त्याचा बघून माझाही. मी मनातल्या मनात आठवत होतो, काल भाजीत मीठ किती घातलं, परवा लोणच्याची फोड का ठेवली. एखाद्या सुनेला पंगत उठेपर्यंत धाकधूक असते, तशी माझी गत. ताई स्टोअर बंद करून आल्या आणि आमच्यामधे बसल्या. त्याला उगाच धीर देणारं त्या काहीच बोलल्या नाहीत. होडीवर कोणाला भात करपवल्याबद्दल कशी बोलणी बसायची, ते सांगत राहिल्या. वेल्डर ऐकता ऐकता हसला. पाय थांबला. मग आतून हाक आली.

या वेळी त्याला वेळ लागला. दार उघडलं तेव्हा मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही, हाताकडे बघितलं. हातात कार्ड होतं. मला केवढं हायसं वाटलं. स्वतःच्या पासानं जे झालं नव्हतं ते त्याच्या पासानं झालं, माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवायच्या भानगडीत पडलो नाही. ताई त्याला म्हणाल्या, "पोरीला फोन कर आधी." त्यानं फोन लावला आणि मुलीशी मोडक्या मराठीत बोलला. आम्हालाही कळावं म्हणून मराठीत बोलला असावा.

फोन ठेवून त्यानं मला विचारलं, "भैया, अब तो कल थोड़ा तेल डालोगे?" मी म्हणालो, शटडाउन संपेपर्यंत नाही.

शटडाउनच्या पहिल्या सकाळी आम्ही दोघं कॉलमच्या पायथ्याशी उभे राहिलो. हार्नेस घातल्यावर जोडीदारानं जोडीदाराचा तपासायचा, हा कामाचा नियम आहे, कारण पाठीवरचा हूक ज्याचा त्याला दिसत नाही. मी त्याचे पट्टे ओढून बघितले. मग तो माझ्यामागं आला, हूक हलवून बघितला, पुढं येऊन पोटावरचा पट्टा आवळला. पूर्वी तो जेमतेम पुरायचा. आता त्याचं वीतभर टोक उरून लोंबत होतं. वेल्डरनं ते दोन बोटांत धरून क्षणभर बघितलं, नीट दुमडून पट्ट्यात खोचून दिलं आणि म्हणाला, "चलो."

आम्ही चढलो. वर वारा होता, आणि पश्चिमेला झाडांच्या शेंड्यांमागं समुद्राची पट्टी दिसत होती. काम पुष्कळ होतं. डबे खाली ताईंच्या स्टोअरमध्ये ठेवले होते, पोटभर जेवण उतरल्यावर.