फिरत्या भांड्यातला भाऊ

लॅबवाल्या ताईंचं आतल्या खोलीत कुणाशी तरी जुळलंय, अशी कुजबुज होती. ती पसरवण्याचं सगळं पुण्य झाडूवाल्या काकूंच्या पदरी. दाराला कान लावून त्यांनी स्वतः ऐकलं होतं, "जेवलास का रे, राजा?"

आत एक यंत्र होतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी भांड्यात घालायच्या आणि भांडं सारखं फिरवत ठेवायचं. मग अंतराळात होतं तसं पेशींना वर-खाली कळेनासं होतं, आणि रोगजंतू पुढ्यात आला तरी या राखणदार बाया ढिम्म हलत नाहीत. त्यांना खाऊपिऊ घालणं हे ताईंचं काम.

रक्त द्यायला ताईंनी धाकट्या भावालाच धरून आणलं होतं. "मी राहिलो खालीच, ताई, आणि माझ्या पेशी निघाल्या अंतराळात!" म्हणून तो खिदळला होता. पुढच्याच आठवड्यात तो ट्रकखाली गेला.

प्रयोग संपला तेव्हा साहेब म्हणाले, "यंत्र बंद करून ब्लीच ओता."

"अजून थोडे दिवस राहू द्या ना."

साहेबांना रक्त कुणाचं ते ठाऊक होतं. ते हळूच म्हणाले, "ठेवल्या तरी मरतीलच हो, ताई."

ताईंनी बटण दाबलं. भांडं थांबलं. "पुरे झालं फिरणं, राजा," म्हणत त्यांनी स्वतःच्या हातानं ब्लीच ओतलं.

त्या खोलीत दुसरं कुणी कधीच नव्हतं. ताई भावाच्या पेशींशी बोलत होत्या.