मधुचंद्राची रंगीत तालीम

माझ्या मेहुण्याने आयुष्यात एकही गोष्ट पहिल्यांदा केलेली नाही. जन्म तेवढा त्याला थेट घ्यावा लागला, तिथे इलाज नव्हता. पण त्यानंतर जे काही केलं ते सगळं दुसऱ्यांदा. दहावीच्या परीक्षेआधी तो नंबर आलेल्या कल्याणच्या शाळेत जाऊन एका वर्गातल्या सगळ्या बाकांवर आळीपाळीने बसून आला होता आणि शिपायाने हटकल्यावर, "काका, पेपर लिहायचाय, म्हटलं बाक हलतात का बघावं," असं शांतपणे म्हणाला होता. त्याची आजी एकदा फार आजारी पडली. घरातली बाकीची माणसं देवापुढे बसलेली असताना हा खाली गल्लीत उभा राहून, शववाहिका आपल्या फाटकातून आत वळेल का, ते दोरीने मोजत होता. आजी खडखडीत बरी झाली, पुढे बरीच वर्षं जगली, आणि दर दिवाळीला हा नमस्काराला वाकला की आशीर्वाद द्यायच्या आधी विचारायची, "काय रे, वळते का गाडी?" त्यावर हाही तितक्याच गंभीरपणे सांगायचा, "वळते आजी, पण रिव्हर्समध्ये."

पुढे त्याला नोकरीही अशी मिळाली की स्वभावाला सरकारी शिक्का बसावा. ठाण्याला लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीत तो तपासणीचं काम करतो. नवी लिफ्ट माणसांसाठी उघडण्याआधी तिच्यात वजनं किंवा वाळूच्या गोण्या भरून ती खालीवर करतात, हे त्याच्याकडूनच मला कळलं. "आधी गोणी, मग माणूस," हे वाक्य तो अशा आवाजात म्हणायचा की ऐकणाऱ्याला हे गीतेत आहे असं वाटावं. त्यांच्या घरात माणसं पुष्कळ होती. गोणी मी होतो. डोंबिवलीत मिसळीचं नवं दुकान उघडलं की पहिल्या दिवशी मी जाऊन खायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन यायचा, त्यात नमस्कार वगैरे काही नाही, फक्त, "भाऊजी, पोट?" पोट ठीक असलं तर संध्याकाळी हा सहकुटुंब मिसळ खाणार. नवा न्हावी, नवा दातांचा डॉक्टर, नव्या कंपनीची लस, सगळीकडे माझं डोकं, माझे दात आणि माझा दंड आधी गेले. बायकोकडे तक्रार केली तर म्हणायची, "अहो, विश्वास आहे त्याचा तुमच्यावर." विश्वास होता यात शंका नाही. वाळूवरही त्याचा तेवढाच होता.

एवढं सगळं तपासून करणाऱ्या माणसाचं लग्न एक्केचाळीस वर्षांचा होईपर्यंत का राहिलं, याचं नातेवाइकांना मोठं कोडं होतं. कुणी पत्रिकेला दोष देई, कुणी पगाराला. मला कारण माहीत होतं. लग्नाची चाचणी घ्यायला माणसाने पाठवायचं कुणाला? माझं आधीच झालेलं होतं, आणि तेही त्याच्याच बहिणीशी, त्यामुळे माझा अहवाल त्याला निष्पक्ष वाटत नसे.

शेवटी कल्याणजवळच्या मोहने गावचं एक स्थळ आलं. मुलगी अडतीस वर्षांची, नाव सुचिता, कल्याणला एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. पाहण्याचा कार्यक्रम रविवारी ठरला. म्हणजे शनिवारी मेहुणा मोहन्याला. जाताना सरळ रस्त्याने गेला आणि येताना, उद्या पूल बंद असला तर काय, म्हणून शीळफाट्यावरून आला. डोंबिवलीच्या माणसाने मोहन्याहून घरी येताना शीळफाटा गाठायचा म्हणजे उजव्या हाताने डावा कान धरण्यासाठी आधी शेजाऱ्याकडे जायचं, पण आला. दुपारच्या उन्हात सुचिताच्या चाळीसमोरून तीनदा इकडून तिकडे गेला, तेव्हा ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिने वरून विचारलं, "कुणाला शोधताय?" याने मान वर करून सांगितलं, "कुणाला नाही. मी उद्या येणारे."

दुसऱ्या दिवशी ती पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली, याच्याकडे बघून नुसतं "आलात?" म्हणाली, आणि बशी पुढे केली. परतताना रिक्षात मेहुणा म्हणाला, "भाऊजी, ही चालेल. तिने मला दोनदा बघितलंय."

लग्न ठरलं आणि मधुचंद्राचा विषय निघाला. डोंबिवलीत लग्न झालं की केरळला जाणं हे आता सप्तपदीनंतरचं आठवं पाऊल झालं आहे. तिथून आल्यावर हाउसबोटीच्या टोकाला उभं राहून काढलेला फोटो दाखवायचा असतो, तो सगळ्यांचा इतका सारखा असतो की एकाच जोडप्याने सगळ्यांच्या वतीने जाऊन यायला हरकत नाही. त्यामुळे केरळबद्दल मेहुण्याला काळजी नव्हती. त्याची तालीम अख्ख्या डोंबिवलीने करून ठेवली होती. पण सुचिताने एक मागणं मागितलं. ती म्हणाली, "केरळ तुम्ही म्हणाल तसं. येताना दोन दिवस मला डोंगरात जायचंय. आगगाडीने."

कारण साधं होतं. तिला बस लागते. शाळेच्या सहलीपासून घाट म्हटला की तिच्या पोटात ढवळायला लागतं. मैत्रिणी महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खात होत्या तेव्हा ही वाईला एका बाईंबरोबर लिंबू चोखत बसली होती. चारचाकीतही तेच. आगगाडी मात्र तिला कधी लागली नाही. म्हणून अडतीस वर्षांत तिने डोंगर फक्त खालून बघितले होते, आणि एकदा वरून खाली बघायची तिची इच्छा होती.

यावर आमच्या घरी जी बैठक झाली तिच्यात प्रत्येकाने आपापला डोंगर मांडला. एक काका म्हणाले, उटीला काय आहे, आपल्या माळशेजसारखंच. दुसरे म्हणाले, दोन दिवसांसाठी कशाला, त्यापेक्षा टिटवाळ्याला जाऊन गणपतीचं दर्शन घ्या, गाडीपण लागणार नाही आणि पुण्यही लागेल. सासूबाईंनी फक्त एवढंच विचारलं की तिथे जेवणात पोळी मिळते का. मेहुणा कुणाचंच ऐकत नव्हता. त्याला उटीला जाणारी, निलगिरीची ती दातेरी रुळावरून चढणारी छोटी गाडी सापडली होती आणि तो माझ्याकडे बघत होता. ती नजर मी ओळखली.

"भाऊजी, तुम्हाला बस लागते ना?"

"लागते."

"मग झालं तर. तुम्हीच पाहिजे."

मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "जा ना हो. माझ्या एकुलत्या एक भावाचं लग्न आहे."

"लग्नाला जातोच आहे. मधुचंद्राला कशाला?"

"तुमचं आपलं काहीतरीच! आणि सुचिताला यातलं काही बोलायचं नाही हं. तिला सगळं नवीन वाटलं पाहिजे."

तर अशा रीतीने, पन्नाशीला टेकलेला मी, मेहुण्याच्या मधुचंद्राला मेहुण्याबरोबर गेलो. कल्याणहून कोइमतूर, तिथून मेट्टुपाळयम, आणि मग सकाळच्या गारव्यात ती निळी गाडी. इंजिन मागे होतं आणि गाडी वर ढकलत होतं. प्रत्येक डब्याच्या तोंडाशी निशाण घेतलेला एकेक माणूस उभा होता. मेहुण्याने दोन्ही गोष्टी तपासून मान डोलावली, माझ्यासमोर बसला, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी उघडून धरली आणि माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघायला लागला. बाहेर दऱ्या होत्या, पूल होते, बोगद्यात शिरलं की डब्यातली पोरं एका सुरात ओरडत होती, आणि बोगद्यातून बाहेर आलं की समोर परत हा, पिशवी घेऊन. "कसं वाटतंय? दहापैकी किती?" मी म्हणायचो, मस्त वाटतंय रे, तो धबधबा बघ. तो म्हणायचा, "धबधबा राहू द्या. मळमळतंय का?" जाऊन येईपर्यंत त्याने खिडकीबाहेर एकदाही बघितलं नाही. मला काहीही झालं नाही. याचं त्याला इतकं समाधान वाटलं की उटीच्या स्टेशनवर त्याने मला मिठी मारली.

हॉटेलमध्ये त्याने हट्टाने तीच खोली घेतली जी पुढच्या महिन्यासाठी ठरवली होती. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या होत्या आणि टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसले होते. मॅनेजर अतिशय सभ्य माणूस. त्याने आम्हा दोघांकडे बघून गंभीरपणे हात जोडले आणि शुभेच्छा दिल्या. मेहुण्याने थँक्यू म्हणून गिझर चालू केला. त्या रात्री त्या पाकळ्या झटकून मी झोपलो तेव्हा हा खोलीत फिरून कुठली फरशी वाजते ते बघत होता.

लग्न छान झालं. जोडपं केरळला गेलं, हाउसबोटीचा फोटो आला, आम्ही सगळ्यांनी फोनवरच त्याखाली अंगठे टाकले. आणि मग एका सकाळी मी दाढी करत असताना मेहुण्याचा फोन.

"भाऊजी, ती खाली उतरली."

"कुठे?"

"कुन्नूरला. इथे इंजिन बदलतात, गाडी थांबलीय. ती बॅग घेऊन उतरली."

त्याचा आवाज असा होता की मी गालावरचा साबण तसाच ठेवून बसलो. अडतीस वर्षं थांबलेली मुलगी, तिचं एकच मागणं, आणि ती अर्ध्या वाटेत बॅग घेऊन उतरते म्हणजे काय समजायचं? तेवढ्यात फोनवर सुचिता आली.

"भाऊजी, नमस्कार. तुम्ही गेलेलात ना यांच्याबरोबर?"

बायको दाराशी येऊन उभी राहिलेली. खोटं बोलायलाही थोडी तालीम लागते. मी म्हटलं, "हो."

"कसे होतात तुम्ही प्रवासात?"

"मला काही झालं नाही."

"तुम्हाला नाही झालं," ती म्हणाली. "ह्यांना झालं." आणि ती हसायला लागली. हसू थांबेना, तेव्हा माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

झालं होतं ते असं. गाडी सुटल्यापासून मेहुणा पिशवी उघडून तिच्या चेहऱ्याकडे बघत बसला. पहिल्या पुलावर ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघताय? बाहेर बघा ना." आणि याच्या तोंडून निघून गेलं, "मी बघितलंय." कधी, कुणाबरोबर, हे सगळं तिने पुढच्या बोगद्यापर्यंत काढून घेतलं, रक्त काढणाऱ्या माणसांना शीर बरोबर सापडते. त्यानंतर ती खिडकीकडे तोंड करून बसली. तिला वाटलं होतं, दोघंही पहिल्यांदा बघू. याला जन्मात पहिल्यांदा आपलं काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, आणि ते भरून काढावं म्हणून त्याने मान वळवून पहिल्यांदाच, खरोखर पहिल्यांदाच, बाहेर बघितलं. खाली दरी होती. रुळाच्या कडेला जमीन अशी नव्हतीच. त्याचं डोकं गरगरलं, पोट वर आलं आणि हातात उघडी धरलेली पिशवी त्याच्याच कामाला आली. सुचिताने एका हाताने त्याचं कपाळ धरलं, दुसऱ्याने पाठ चोळली, आणि म्हणाली, "श्वास घ्या. सोडा. मूठ उघडा." कुन्नूर येईपर्यंत तो पांढराफटक झालेला, आणि ती मात्र ठणठणीत, अर्धं अंग खिडकीत, सगळे डोंगर वरून बघून घेतलेली.

"पण पुढे हॉटेल आहे," मेहुण्याचा आवाज मागून येत होता, "खोली चेक केलीय, गिझर चेक केलाय..."

"ती खोली तुम्ही भाऊजींबरोबर बघितलीत," ती त्याला म्हणाली. "आता आपण आपली बघू."

मग फोन परत त्याच्या हातात आला. त्याने हळू आवाजात विचारलं, "भाऊजी, स्टेशनबाहेर काय आहे?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं. "आपण तिथे उतरलो कुठे होतो?"

तो म्हणाला, "बरं. बघतो." आणि फोन ठेवला. ते दोन दिवस त्याचा फोन आला नाही. कुठे राहिले, काय खाल्लं, गिझर होता की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. विचारलं की दोघं एकमेकांकडे बघतात आणि दुसरं काहीतरी बोलायला लागतात.

आता ते टिटवाळ्याला एका नव्या बिल्डिंगमध्ये राहतात. परवा रविवारी आले होते. थंडीत दार्जिलिंगला चाललेत म्हणाले, तिथेही छोटी गाडी आहे. मेहुणा मळमळीच्या गोळ्या घेणार आहे, ती खिडकीत बसणार आहे. मी उगीच वाट बघत चहा पीत होतो. शेवटी मीच विचारलं, "मग, आधी कुणी जाऊन यायला हवं का?"

"नको हो, भाऊजी," तो म्हणाला. "तिकडे जाऊनच बघू."

ते गेल्यावर बायको कप उचलत म्हणाली, "सुटलात बाई एकदाचे." मी हो म्हटलं. गॅलरीत गेलो तर दोघं फाटकाबाहेर पडून बोलत बोलत डावीकडे वळत होते. डावीकडचा रस्ता या आठवड्यात खोदून ठेवलाय, तिकडे रिक्षा मिळत नाही, सगळं वळून परत यावं लागतं. मी कालच जाऊन आलो होतो. हाक मारायला तोंड उघडलं. पण ती त्याला काहीतरी सांगत होती, तो मान खाली घालून ऐकत होता, आणि पुढे काय आहे ते दोघांपैकी कुणीच बघत नव्हतं. मी हाक मारली नाही. परत येतील म्हणून बराच वेळ कठड्याशी उभा राहिलो. आले नाहीत.