विचुंब्यात अडलेली गाडी

साल २०२३, वैशाख महिना, आणि माझं वय सत्त्याहत्तर. शाळा तिसरीपर्यंत. तेव्हा लिहिण्यात चूक निघाली तर पोटात घाला. गाडीच्या बाबतीत मात्र माझी चूक कुणी काढू नये, असं मी त्या दिवसापर्यंत म्हणत आलो होतो.

गाडी म्हणजे आमच्या डॉक्टरसाहेबांची जुनी पेट्रोलगाडी. चाळीस वर्षं मी तिच्यावर ड्रायव्हर होतो. साहेब गेल्यावर त्यांच्या लेकीने किल्ली माझ्याच हातात दिली. रंग दुधी, गियर स्टिअरिंगला, काचा हाताने फिरवायच्या. शिरूरकडच्या आमच्या गावातून ती घेऊन मी पनवेलजवळ विचुंब्याला निघालो, ते थोरल्या बहिणीला माहेरी आणायला. आक्का ब्याऐंशीची. मुलगा दिलीप न्हावा शेवाला कंटेनरच्या यार्डात कामाला, त्याच्याकडे असते. अकरा वर्षांत गावाला आली नव्हती. एसटीची पायरी गुडघ्याला झेपत नाही, आणि बंद काचांच्या थंड गाडीत बसवली की पहिल्या नाक्यावर ओकते. राहिली माझी गाडी.

निघताना बायकोने, सरूने, बॉनेटखाली कॉइलवर हळदकुंकू वाहिलं. कॉइल म्हणजे बॅटरीचा करंट वाढवून प्लगकडे धाडणारा डबा. गाडीचा जीव तिथं असतो, असं माझ्या उस्तादाने सांगितलं होतं. तेव्हापासून दर सणाला आणि दर लांबच्या प्रवासाला आमच्याकडे हा रिवाज आहे.

चाकण, तळेगाव, लोणावळा करत जुन्या रस्त्याने घाट उतरलो. खोपोलीला वडापाव खाल्ला. तिथं एका ट्रकवाल्याने विचारलं, लग्नाची गाडी का. म्हटलं, हो, नवरी आणायला चाललोय, ब्याऐंशी वर्षांची. तो हसला आणि चहाचे पैसे मला देऊ देईना. चौक गावापर्यंत सदरा पाठीला चिकटला होता. पनवेल जवळ आलं तसे कंटेनरचे ट्रेलर सुरू झाले. एकेक डबा आमच्या शाळेएवढा. एवढ्या डब्यांत भरतात तरी काय, हे मी पोचल्यावर दिलीपला विचारलं. तो म्हणाला, मामा, सील असतं, आम्हालाही कळत नाही. बारा वर्षं डबे मोजणाऱ्याला आत काय ते ठाऊक नाही, याचं मला नवल वाटलं.

विचुंबे अजून गावही आहे आणि शहरही. इमारतीच्या खांबांमध्ये मोटारी लावलेल्या आणि त्यांच्या सावलीला शेजारच्या आगरी शेतकऱ्याची म्हैस बसलेली. जेवायला तांदळाची भाकरी आणि जवला (बारीक सुकी कोळंबी) घालून वांगं. आक्का जवला आवडीने खात होती. आमच्या घरात मासळी चालत नाही. पापड तळून ठेवला तो भात येईपर्यंत मऊ पडला. मिठाच्या बाटलीला तीनदा ठोकलं तेव्हा चार खडे पडले. खाडीची हवा आहे, आक्का म्हणाली, इथं धुणंसुद्धा दोन दिवस वाळत नाही. मला मजा वाटली. त्या हवेने माझ्या गाडीचं काय केलं असेल, हे डोक्यात आलं नाही.

सकाळी सातला आक्का नवं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन खाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. मी किल्ली फिरवली. इंजिन घुर्र घुर्र फिरलं, पण पेटलं नाही. दहा वेळा फिरवली तरी तेच.

दिलीपने तेव्हाच मनातलं सांगितलं, "मामा, दोन वाजता माझी ड्युटी आहे. त्याच्या आत गाडी तीनदा चालू करून दाखवा, मग आईला न्या. घाटात बंद पडली तर तिला घेऊन तुम्ही कुठं बसणार?"

नाही तर काय, मी विचारलं. नाही तर पुढं कधीतरी, तो म्हणाला. ब्याऐंशीव्या वर्षी पुढं कधीतरी म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाही कळत होतं. आक्काने पिशवीचा बंद घट्ट केला, एवढंच.

मी कामाला लागलो. पेट्रोल येत होतं. बॅटरी दमदार होती. प्लग काढले तर ओले, म्हणजे पेट्रोल पोचतंय पण ठिणगी पडत नाही. करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट पॉलिश पेपरने घासले. कंडेन्सर बदलला, जादाचा नेहमी डिकीत असतो. उपयोग शून्य. दिलीपने नाक्यावरचा गॅरेजवाला आणला. तो कॉम्प्युटरची वायर घेऊन गाडीत वाकला आणि ती खोचायची कुठं हे शोधत राहिला. हिच्या आजोबांच्या वेळी ते भोक पाडायचं राहून गेलं, असं मी सांगितल्यावर तो गेला.

म्हशीचा मालक बाळाराम इतका वेळ दात घासत बघत होता. म्हणाला, "दादा, मना द्या ती. परसात ठेवतो, कोंबड्या तरी बसतील." मग माझं तोंड बघून त्यालाच वाईट वाटलं असावं. जुन्या पनवेलातला उस्मानभाई वायरमन हाय, त्याच्याबिगर हे कोणाला जमायचं नाय, असं म्हणून त्याने फोन लावला. मला कुणाची गरज नाही, असं मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा आक्काने माझ्याकडे पाहिलं, म्हणून सांगितलं नाही.

उस्मानभाई माझ्याच वयाचा निघाला. स्कूटरवरून आला, हत्यारं एका डालड्याच्या डब्यात. मी केलेलं सगळं काम त्याने ऐकून घेतलं आणि त्यातलं काहीच पुन्हा तपासलं नाही. हा मान मला आवडला. मग म्हणाला, एक गोधडी आणा.

आक्काने वरून गोधडी मागवली. बॉनेटवर ती पांघरून आम्ही दोघं म्हातारे आत डोकी घालून उभे राहिलो. आत मिट्ट काळोख. दिलीपने किल्ली फिरवली, आणि मी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं ते पाहिलं. कॉइलच्या तोंडातून निळी ठिणगी बाहेर येत होती आणि मुंगीसारखी वळवळत खाली कॉइल धरणाऱ्या लोखंडी पट्टीकडे जात होती. प्लगकडे जायचा करंट वाटेतच गाडीच्या पत्र्यात उतरत होता. चालत होती ती नेमकी हळदकुंकवावरून. वर्षानुवर्षांची पुटं, आमच्या कोरड्या हवेत ती खडखडीत असायची. इथं रात्रभरात ओली झाली होती.

उस्मानभाई गोधडीतच हळू बोलला, "बाबा, फॉल्ट मिळाला. पुसलं की झालं. पण ते मी पुसणार नाही. तुम्ही पुसा."

त्याने पेट्रोलचं फडकं माझ्या हातात दिलं. माझा हात पुढे होईना. सरूने वाहिलेलं कुंकू. ते पुसायचं म्हणजे कुणाच्या जिवावर येतं, हे लहान पोरही सांगेल. मी म्हटलं, दुसरी कॉइल बसवा. तसली मुंबईहून मागवावी लागेल, दोन दिवस, तो म्हणाला. साडेअकरा झाले होते. मी फडकं धरून उभा. दिलीप घड्याळ बघत होता.

आक्का गुडघा धरत खुर्चीतून उठली, गाडीपाशी आली आणि बॉनेटखाली वाकून पाहिलं.

"मरायला भितोस होय रे, सख्या?"

मी म्हटलं, तसं नाही आक्का, पण.

"माझं पुसलं तेव्हा कुणी एवढा वेळ उभं राहिलं नव्हतं. आण इकडं."

फडकं तिने माझ्या हातातून काढून घेतलं आणि भांडं घासावं तसं कॉइलचं तोंड घासलं, वरून, खालून, पट्टीच्या फटीतसुद्धा. लाल झालेलं फडकं उस्मानभाईला परत दिलं. तोही ते दोन्ही हातांनी घेऊन उभा राहिला. पहिल्याच किल्लीला गाडी पेटली. दिलीपने तीनदा बंद करून तीनदा चालू करवली, मग स्वतःच आईची पिशवी मागच्या सीटवर ठेवली.

घाट चढताना आक्का पुढे बसली होती, काच पूर्ण खाली. एकदाही ओकली नाही. खोपोलीला दोन वडे खाल्ले होते तरी. मी मात्र वाटभर वीस वर्षांपूर्वीचा तो दिवस आठवत होतो. भाऊजी गेले तेव्हा बायकांनी आक्काला मधल्या खोलीत नेलं, आणि मी बाहेर गाडीशी उभा राहून काचा पुसत होतो. त्या दिवसाबद्दल मी तिला कधी काही विचारलं नाही.

संध्याकाळी घरी पोचलो. कॉइलचं मीच सरूला सांगितलं, लपवलं नाही. ती म्हणाली, मी पहिल्यापासून चाकाला वाहा म्हणत होते, तुमचंच खूळ. मग आक्काचे पाय शेकायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काला मळ्यातली विहीर दाखवायची म्हणून मी गाडी अंगणात काढली. एका किल्लीत चालू झाली. आक्का दारातून म्हणाली, बंद कर ते, विहिरीला काय मोटारीने जायचं. मी गाडी बंद केली, तिचा हात धरला आणि बांधाबांधाने अर्धा मैल चालत गेलो. तिला तीनदा बसावं लागलं, मला चारदा.