टीव्हीवर दिसलेलं कानाचं मशीन

परदेशी वार्ताहर म्हटलं की लोकांना वाटतं, हा गोळ्या चुकवत धावतोय. मी हॉटेलच्या गच्चीवर उभा राहून लांबचा धूर दाखवायचो. आखातातल्या युद्धावर आमच्या हिंदी वाहिनीने मला पाठवलं होतं, आणि युद्ध माझ्यापासून चांगलं दूर होतं. दिल्लीच्या स्टुडिओतून प्रश्न यायचा. उपग्रहावरून माझ्या इअरफोनपर्यंत पोचायला तो जरा वेळ घ्यायचा. तोवर मी कॅमेऱ्याकडे बघत गप्प उभा, मग उत्तर.

हे सगळं बदलापूरला हेंद्रेपाड्यात आमचे बाबा बघायचे. नुसतं बघायचे, कारण ऐकू काही येत नव्हतं. फॅक्टरीत जन्मभर प्रेसवर पत्रे ठोकून त्यांचे कान कधीच गेले होते. पण मशीन लावा म्हटलं की भडकायचे. लोक बहिरा म्हणतील ना! मी फोन केला की आईच बोलायची.

एकदा ती फोनवर रडायलाच लागली. म्हणाली, बॉम्बच्या आवाजाने तुझे कान गेले आणि आम्हाला सांगितलंही नाहीस. बाबांनीच निदान केलं होतं: पोरगा कानात मशीन घालून उभा असतो, काही विचारलं की नुसता बघत राहतो. घ्या! मी तिला सगळा प्रकार समजावला. तर ती म्हणाली, "त्यांना नको सांगूस. तुझं बघून काल उल्हासनगरला गेले आणि स्वतःला मशीन घेऊन आले. कळलं तर काढून फेकतील."

सुट्टीवर घरी आलो तर अख्खी बिल्डिंग माझ्याशी ओरडून बोलायला लागली. अंबरनाथचं एक चांगलं स्थळ आलं होतं, तेही गुपचूप मागे फिरलं. म्हटलं, वा, झालं आपलं करिअर!

संध्याकाळी बाबांनी मला गॅलरीत बोलावलं. त्यांच्या कानात मशीन होतं, माझ्या कानात काही नव्हतं, आणि त्याचाच त्यांना राग आला होता.

"लाजू नकोस रे," ते म्हणाले. "मी लाजत बसलो, आणि तुझं सगळं लहानपण ऐकायचं राहून गेलं."

खरं सांगून टाकावं असं फार वाटलं. मी कान पुढे केला.

"काय म्हणालात, बाबा? जरा मोठ्याने बोला."

त्यांनी ते पुन्हा सांगितलं, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.